एकोणिसाव्या शतकातला बॅलेचा पोशाख: घेर, कापड, थर नेमके कसे होते? (सोलापुरात १२ मुलींसाठी शिवायचा आहे)

रंगपट_सोलापूर

नमस्कार. हुतात्मा स्मृती मंदिरात नृत्यवर्गाचा वार्षिक कार्यक्रम आहे. त्यात 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकातला, विलींचा (लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांचा), नऊ-दहा मिनिटांचा भाग बसवतोय. १२ मुली, वयं १३ ते १६. पोशाख १८४१ च्या मूळ प्रयोगाच्या जवळ जाणारा हवा. युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्याने नमुना करून दिला. कमरेला कॅनकॅनचे आठ थर, आत तारेचं कडं, ताटासारखा आडवा उभा राहणारा स्कर्ट. दिसायला छान आहे, पण हा त्या काळचा वाटत नाही.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. त्या काळी लांबी किती होती? कापड कोणतं, थर किती? सगळं पांढरंच का? ते कापड पेट घ्यायचं असं वाचलंय, त्यावर तेव्हा काय उपाय होता आणि आज आपण काय करावं? वरची चोळी कशी बेतायची? शिवणारे कारागीर चांगले आहेत, फक्त त्यांना आकडे द्यावे लागतात.

जुनी_वेशभूषा

तुमची शंका बरोबर आहे. ताटासारखा आडवा स्कर्ट विसाव्या शतकातला, आतलं कडंही तेव्हाचंच. एकोणिसाव्या शतकातल्या एकाही वर्षाला तो लागू पडत नाही. नमुना परत करा, पण त्यातलं कॅनकॅन फेकू नका, दुसऱ्या नाचाला चालेल.

लांबी शतकभर एकच नव्हती, म्हणून आधी साल ठरवावं लागतं. तुमचं साल १८४१. 'जिझेल' २८ जून १८४१ ला पॅरिस ऑपेरात पहिल्यांदा झाला, कार्लोत्ता ग्रिसी नायिका, पोशाख पॉल लोर्मियेचे. त्याआधी ९ वर्षं, १२ मार्च १८३२ ला, त्याच रंगमंचावर 'ला सिल्फिद' झाला होता. त्यात नर्तिका मारी तालियोनीने घातलेला पांढरा, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंतचा पोशाख पुढे सगळ्यांनी उचलला. त्याचा आराखडा यूजेन लामीच्या नावावर सांगितला जातो. विली, सिल्फ, पऱ्या, पाण्यातल्या अप्सरा, सगळ्यांचा पोशाख या एकाच साच्यातून निघाला.

हा साचा आकाशातून पडलेला नाही. १८३० च्या सुमारास पॅरिसमधल्या बायकांच्या नाचाच्या समारंभातल्या झग्याकडे बघा. कंबर जागच्या जागी, खांदे उघडे, बाह्या फुगीर, खाली घंटेसारखा घेर. बॅलेने तोच झगा घेतला, रंग काढून टाकला, कापड हलकं केलं आणि पावलं व घोटे दिसावेत म्हणून खालून कापला. त्यामुळे कंबर फार खाली नेऊ नका. समोर मध्यभागी टोक काढायचं असेल तर ४-५ सेंमी, त्याहून जास्त नको. नितंबांपर्यंत घट्ट बसणारी चोळी आणि तिथून फुटणारा स्कर्ट ही नंतरची पद्धत.

शतकाच्या शेवटाकडे येताना स्कर्ट वर सरकत गेला. चित्रकार एडगर देगाने १८८१ मध्ये मांडलेला १४ वर्षांच्या नर्तिकेचा मेणाचा पुतळा ठाऊक असेल. त्याला खऱ्या कापडाचा स्कर्ट आणि चोळी घातली होती. पॅरिसच्या सरावखोल्यांत तोपर्यंत स्कर्ट गुडघ्याशी आला होता. १८८५ मध्ये इटालियन नर्तिका व्हिर्जिनिया झुक्की सेंट पीटर्सबर्गला गेली. तिथल्या लांब स्कर्टात नाचायला तिने नकार दिला आणि आखूड स्कर्टाचा हट्ट धरला. याचं कारण तंत्रात आहे. मिलानच्या शाळेतून आलेल्या नर्तिका एका पायावर अनेक गिरक्या घेत. लांब, घेरदार स्कर्ट गिरकी थांबली तरी थांबत नाही. तो अर्धा फेरा पुढे जातो, पायांना गुंडाळतो आणि परत येताना शरीराला ओढतो. पिएरिना लेन्यानी १८९५ च्या 'स्वान लेक'मध्ये एकामागून एक ३२ फुएते (एका पायावर, दुसरा पाय झटकत घेतलेल्या गिरक्या) करत होती. तालियोनीच्या स्कर्टात ते जमणं फार कठीण. तरीही १८९० च्या 'स्लीपिंग ब्यूटी'चे फोटो बघा. स्कर्ट आखूड आहे, पण उतरता, छत्रीसारखा. आडवा नाही.

तुमच्या मुली विलींचा नाच करणार, त्यात उड्या आणि धावत्या ओळी जास्त, गिरक्या कमी. लांब स्कर्ट त्या हालचालीसाठीच आहे. उडीनंतर पाय जमिनीला टेकतात तरी कापड अर्धा क्षण वरच राहतं आणि मग हळूच खाली येतं. मुली तरंगल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. हे कॅनकॅनमध्ये होत नाही. ते ताठ असल्यामुळे पायाबरोबरच खाली येतं.

लांबीचा आकडा: जमिनीपासून ३० सेंमी वर. सगळ्या मुलींना जमिनीपासून मोजा, कमरेपासून नाही. ओळीत उभ्या राहिल्यावर खालची कड एका रेषेत आली पाहिजे. उंचीतला फरक फार असेल, म्हणजे १५ सेंमीच्या वर, तर उंच मुलींना ३२ आणि बुटक्या मुलींना २८ धरा. डोळ्याला ती रेषा सरळच वाटते.

फणी_धोटा

कापडाबद्दल लिहितो. सोलापूरकरांना हे समजायला सोपं आहे, कारण यातलं बरंचसं खळीचं शास्त्र आहे.

तेव्हाच्या स्कर्टाला मुख्यतः दोन सुती कापडं वापरत: मलमल आणि टार्लटन. टार्लटन म्हणजे फार उघड्या विणीचं साधं सुती कापड, भरपूर खळ दिलेलं. दवाखान्यातलं गॉझ आठवा आणि ते खळ देऊन कागदासारखं कडक केलंय असं समजा. फ्रान्समध्ये ल्यों शहराजवळचं तारार हे गाव मलमल आणि टार्लटनसाठी प्रसिद्ध होतं. टार्लटनचा सगळा ताठपणा खळीत असतो, सुतात नसतो. धुतलं की मेलं. घामाने आणि दमट हवेनेही ते मऊ पडतं. म्हणून असे स्कर्ट धूत नसत, बदलत. देगाच्या चित्रांत सरावाचे स्कर्ट लोंबलेले आणि मरगळलेले दिसतात ते याच कापडाचे.

ट्यूल, म्हणजे आपण ज्याला जाळी म्हणतो, तीही तेव्हा होती. जॉन हीथकोटच्या यंत्राने १८०९ पासून षटकोनी छिद्रांची जाळी यंत्रावर निघू लागली होती. पण ती सुताची किंवा रेशमाची. नायलॉनची जाळी विसाव्या शतकातली. तिची चमक आणि ताठपणा वेगळा असतो. रंगमंचावर दिवा पडला की नायलॉनचा प्रत्येक धागा चमचमतो, सूत प्रकाश पिऊन घेतं आणि धुक्यासारखं दिसतं. विली धुक्यातून येतात, तेव्हा उत्तर उघड आहे.

गॉझ वापरू नका, हे आधीच सांगतो. स्वस्त पडतं म्हणून मोह होतो. चुण्या घालताना त्याची वीण सरकते, कमरपट्टीपाशी धागे निसटतात आणि दोन तालमींत भोकं पडतात. चाटी गल्लीत ४४ इंच पन्ह्याची पातळ सुती मलमल मागा. पॉलिस्टर मिसळलेली नको. खात्री करायला कडेचे चार धागे काढून जाळा. सुताची राख मऊ असते आणि जळक्या कागदाचा वास येतो. कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर आहे, परत द्या.

आता हिशेब. कमरेपासून जमीन ९६ सेंमी असलेली मुलगी धरली, तर तयार स्कर्ट ६६ सेंमी. चार थर करा. वरचे दोन थर कमरपट्टीवर. खालचे दोन थर आतल्या १० सेंमी रुंद पट्टीच्या खालच्या कडेला लावा. ती पट्टी कमरेपासून नितंबांवर सपाट बसते. ही पट्टी जुन्या पद्धतीची नाही, पण प्रेक्षकांना दिसत नाही. ती नसेल तर चार थरांच्या चुण्या एकाच जागी येऊन कमरेला जाड वळी होते. १३-१४ वर्षांच्या मुलीला ती चांगली दिसत नाही आणि टोचतेही.

प्रत्येक थराला चार पन्हे जोडायचे. वरच्या दोन थरांचे तुकडे ६८ सेंमी (६६ तयार, दीड वरच्या शिलाईला, अर्धा पिकोला). तिसऱ्याचे ५६, चौथ्याचे ५४. म्हणजे आतले थर खालून दोन-दोन सेंमी आखूड होतात आणि कड पायऱ्यापायऱ्यांनी विरळ होत जाते. एकूण ९ मीटर ८४ सेंमी. मलमल धुतल्यावर साधारण ५ टक्के आटते, म्हणून मुलीमागे ११ मीटर घ्या. १२ मुलींना १३२ मीटर. सगळं एकाच ताग्याच्या लॉटमधलं असू द्या. दोन लॉटच्या पांढऱ्यात फरक असतो. तो दुकानात दिसत नाही, दिव्याखाली दिसतो.

बेतण्याआधी धुवा. न धुता बेतलेला स्कर्ट पहिल्या धुण्यातच तीन-साडेतीन सेंमी वर जातो, आणि प्रत्येकीचा सारखाच जातो असंही नाही.

घेर जुळल्यावर सव्वाचार मीटर भरतो, कंबर ६६ सेंमी. सहापटीच्या वर चुण्या. एवढ्या चुण्या मशिनचा एक टाका ओढून नीट बसत नाहीत. हाताने, एकाखाली एक असे दोन समांतर कच्चे टाके घाला, टाक्याचं अंतर ८ मिमी, दोन्ही ओळींत टाके बरोबर एकाखाली एक. ओढल्यावर नळ्यांसारख्या उभ्या चुण्या होतात. त्यांचं एकेक टोक पट्टीला हाताने टाचायचं. त्या काळच्या झग्यांना अशाच चुण्या होत्या, आणि त्यांच्यामुळे स्कर्ट कमरेपासून उडी मारल्यासारखा बाहेर येतो, मांड्यांवर पडत नाही. मुलीमागे एका कारागिराचा पाऊण दिवस धरा. वेळ नसेल तर फक्त सगळ्यात वरच्या थराला हे करा.

खालची कड दुमडून तुरपाई करू नका. दुमड जड होते, कड खाली ओढते आणि उजेडात रेघ दिसते. बारीक पिको पुरे. दोरा सुती घ्या.

खळ फक्त आतल्या दोन थरांना. वरचे दोन मऊच ठेवा, नाहीतर सगळं कॅनकॅनसारखंच वागेल. साबुदाण्याची खळ चांगली. लिटरला ४० ग्रॅम साबुदाणा, पारदर्शक होईपर्यंत शिजवा, फडक्यातून दोनदा गाळा. गाठ राहिली तर वाळल्यावर पांढरा डाग होतो आणि मागून दिवा आला की तो ठिपक्यासारखा दिसतो. कापड उलटं टांगून, कड वर करून वाळवा. सरळ टांगलं तर खळ कडेला उतरते, तिथेच कडक होते आणि वरचा भाग लुळा राहतो.

कार्यक्रम झाला की खळ धुऊन मगच ठेवा. खळीच्या कापडाला झुरळं आणि कसर लागते, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात घडीवर कापड चिरतं.

रंगपट_सोलापूर

दोघांचेही मनापासून आभार. आकडे जसेच्या तसे कारागिरांना देतो. चोळी, पायमोजे आणि बूट यांबद्दल कोणी सांगेल का? काही पालकांचं म्हणणं आहे की टोकदार पॉइंट शूज आणावेत, म्हणजे खरं बॅले वाटेल.

काजबटण

बुटांचं आधी, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. आणू नका.

तालियोनी पायाच्या बोटांवर उभी राहायची हे खरं, पण तिच्या बुटात आजच्यासारखा कडक पेटीचा पुढचा भाग नव्हता. साधी सॅटिनची मऊ चप्पल, पातळ तळवा, फिती, आणि टोकाच्या कडेने व खालून दाट रफू. ती रफू म्हणजेच आधार. बाकी सगळं पायाची आणि घोट्याची ताकद. पुढचा भाग कडक करणं शतकाच्या उत्तरार्धात इटालियन चांभारांनी वाढवत नेलं, आणि त्या बुटांमुळेच लेन्यानीच्या पिढीच्या गिरक्या शक्य झाल्या. ज्या मुलींनी पॉइंटचं रीतसर शिक्षण काही वर्षं घेतलेलं नाही त्यांना तो बूट घालायला देणं म्हणजे घोटा आणि बोटांची हाडं धोक्यात घालणं. मऊ सपाट बूट, वर गुलाबीसर किंवा त्वचेच्या रंगाचं सॅटिन, दीड सेंमी रुंद फीत घोट्याभोवती दोन वेढे, गाठ आतल्या बाजूला आणि फितीखाली खोचलेली. १८४१ ला हे पॉइंट शूजपेक्षा जास्त जवळ जातं, पालकांना तसं निःशंक सांगा.

पायमोज्यांचा रंग. त्या काळचे गुलाबीसर मोजे उघड्या पायाचा भास व्हावा म्हणून तसे होते. ते तिथल्या त्वचेचे रंग. आपल्या मुलींना फिकट गुलाबी मोजे घातले तर हात एका रंगाचे, पाय दुसऱ्या. मोज्याचं मूळ काम साधायचं असेल तर प्रत्येकीच्या त्वचेशी जुळणारा रंग घ्या. मोज्यावर मांडीपर्यंतची पांढरी सुती चड्डी हवीच. तेव्हाही स्कर्टखाली असायची. चार थर मलमल मागून प्रकाश आला की तितकी अपारदर्शक राहत नाही.

आता चोळी. त्या काळी बाहेर सॅटिन किंवा रेशीम, आत घट्ट विणीचं जाड सुती अस्तर आणि त्यात काड्या. काड्या देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्ट्यांच्या. तुम्ही अस्तराला पांढरं ड्रिल घ्या, युनिफॉर्मच्या कारखान्यात ते पडूनच असतं. बाहेर सुती सॅटिन. चमकदार पॉलिस्टर सॅटिन घेतलंत तर खाली मलमलीचं धुकं आणि वर आरसा असं होईल.

पुढे मधला एक तुकडा, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, मागे दोन्हीकडे दोन-दोन. एकूण नऊ. ड्रिलच्या सगळ्या तुकड्यांचा उभा धागा कमरेला काटकोनात ठेवा. तो तिरका गेला की चोळी नाचताना पिळते आणि मधली रेघ बाजूला सरकते. काड्या सहा पुरेत: पुढच्या मधल्या तुकड्याच्या दोन कडा, दोन बगला, मागे हुकांच्या दोन्ही बाजू. प्लॅस्टिकच्या काड्या चालतील. नळीपेक्षा १ सेंमी आखूड कापा आणि टोकं गोल घासून घ्या. नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या तालमीला टोक कापड फाडून काखेत घुसतं.

माप घेताना मुलीला पूर्ण श्वास भरून हात वर करायला सांगा आणि त्या स्थितीत छातीचा घेर घ्या. युनिफॉर्मच्या सवयीने कारागीर हात खाली असताना माप घेतात आणि वर ४-५ सेंमी ढील देतात. इथे ढील नको, चोळी अंगाबरोबर हलली पाहिजे. काखेचा गोल खोल कापू नका. खोल काखेने हात मोकळा राहील असं वाटतं, होतं उलट: हात वर केला की अख्खी चोळी वर उचलली जाते आणि स्कर्टही तिच्याबरोबर. काख जितकी वर, तितका हात मोकळा.

जुन्या चित्रांत गळा खांद्यावरून उतरलेला दिसतो. तसा शिवला तर हात खांद्याच्या वर जात नाही. मुलींना हात डोक्यावर न्यायचे असतील तर खांद्याला त्वचेच्या रंगाची पातळ पट्टी द्या आणि बाही वेगळी करा. बाही म्हणजे मलमलीचा फुगा, वर-खाली नाडी, दंडावर चढवायचा, चोळीला फक्त एका जागी टाचलेला.

मागे चेन लावू नका. प्रयोगाच्या मध्येच चेन तुटली तर काहीच करता येत नाही. हूक-आकडे दर २ सेंमीला. एक आकडा उजवीकडे, पुढचा डावीकडे असे आळीपाळीने लावले तर ताण कमी झाला तरी एकदम उसवत नाहीत. आकड्यांच्या दोन ओळी, ३ सेंमी अंतराने, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच चोळीत दुसरी मुलगी बसेल. बगलेत शिलाईला अडीच सेंमी कापड सोडा, तेही त्याचसाठी.

स्कर्ट चोळीला शिवून टाकू नका. वेगळा, स्वतःच्या पट्टीवर, आणि चोळीच्या आत सहा ठिकाणी हुकांना अडकवलेला. चोळी घामाने भिजते, स्कर्ट भिजत नाही. दोन्हींचं धुणं वेगळं.

जुनी_वेशभूषा

काजबटण यांच्या लिखाणाला दुजोरा. जुन्या शिळाछापांवरून माप काढणाऱ्यांसाठी एक सूचना: त्या चित्रांत कंबर आणि पावलं खऱ्यापेक्षा कितीतरी लहान काढलेली आहेत. ती चित्रं चाहत्यांना विकण्यासाठी होती. दागिने, फुलांची माळ, चोळीच्या गळ्याची रेषा हे त्यावरून घ्या. प्रमाण घेऊ नका.

आणि सगळं पांढरंच का, हा प्रश्न राहिला. सगळं पांढरं नव्हतंच. नर्तिका फॅनी एल्सलरचा १८३६ मधला 'काचुचा' हा स्पॅनिश नाच गुलाबी सॅटिन आणि काळ्या लेसमध्ये होता. 'जिझेल'चा पहिला अंकही रंगीत, गावातल्या द्राक्षतोडणीचा. पांढरा रंग मेलेल्यांचा, पऱ्यांचा, या जगातल्या नसलेल्यांचा. म्हणून पहिल्या अंकातला छोटा तुकडा तरी दाखवता आला तर बघा. रंगातून पांढऱ्यात जाण्याने जो धक्का बसतो, तो नुसत्या पांढऱ्याने बसत नाही.

विंगेतून

उजेड आणि आग यांचं मी लिहितो. पांढऱ्याचं दुसरं कारणही त्यातच आहे.

पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले. तेलाच्या दिव्यापेक्षा ते हवे तसे मंद करता येत. त्यामुळे रंगमंचावर चांदणं दाखवता येऊ लागलं. १८३१ च्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या जोगिणी थडग्यांतून उठून नाचतात. तो प्रसंग मंद गॅसच्या उजेडात, पांढऱ्या कपड्यांत झाला आणि पुढच्याच वर्षी 'ला सिल्फिद' आला. मंद उजेडात रंग विझतात, पांढरं तेवढं उरतं.

हुतात्मामध्ये तुम्हाला एलईडी मिळतील. आजच्या मलमलीला कारखान्यातच पांढरेपणाचं रसायन दिलेलं असतं. निळ्या एलईडीखाली ते जांभळट झळाळतं. गॅसचा उजेड पिवळसर होता. समोरून फिकट अंबर, २०-२५ टक्के, वरून आणि मागून निळा. तरीही झळाळलं तर कापडाला अगदी फिक्या चहाच्या पाण्यातून काढा, आधी तुकड्यावर बघून. बोअरचं पाणी त्यासाठी वापरू नका. त्यात लोह असेल तर चहाने कापड करडं पडतं आणि ते परत पांढरं होत नाही.

आता आग. तेव्हाच्या नर्तिका उघड्या ज्योतींच्या मध्ये नाचत. पायदिव्यांची रांग समोर, विंगांमध्ये उभ्या खांबांवर गॅसच्या ज्योती. आणि अंगावर असं कापड की ज्याच्या प्रत्येक धाग्याला चारी बाजूंनी हवा मिळते, थरांच्या मध्ये हवा, खळही जळणारी, आणि घंटेचा आकार धुराड्यासारखा ज्वाळा वर खेचणारा. लंडनमध्ये डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर अशीच प्रयोगात भाजली आणि तीन दिवसांनी गेली.

फ्रेंच सरकारने नोव्हेंबर १८५९ मध्ये नाटकगृहातलं कापड आगरोधक करण्याचा हुकूम काढला. कार्तरों नावाच्या माणसाची पद्धत होती, तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात कापड बुडवायची. कापड त्याने ताठ आणि मळकट होई. नर्तिकांना ते नको होतं. एमा लिव्री ही तालियोनीची लाडकी शिष्या. तिने आपण साध्याच स्कर्टात नाचणार असं ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवलं. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत स्कर्ट झटकून नीट करताना विंगेतल्या ज्योतीने तो पेटला. २० वर्षांची होती. आठ महिने भोगून २६ जुलै १८६३ ला गेली. तिच्या जळक्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही आहेत.

मला यात सर्वांत जास्त लागतं ते हे, की रसायनशास्त्र तेव्हा तयार होतं. गे-ल्युसॅकने १८२१ मध्येच अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार (बोरॅक्स) यांचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. व्हर्समन आणि ओपनहाइम यांनी लंडनमध्ये १८५९ मध्ये सोडियम टंगस्टेट सुचवलं, कारण त्यावर इस्त्री फिरवता येते आणि मलमल खराब होत नाही. तुरटीचा दोष असा की ती उष्णतेने आम्ल सोडते आणि सूत कुजवते. वाईट पद्धत वाट्याला आली म्हणून नर्तिकांनी सगळीच पद्धत नाकारली.

तुमच्यासाठी टाकणखार आणि बोरिक ॲसिड, ७ आणि ३ या प्रमाणात, १०० भाग पाण्यात. १२ मुलींचं कापड साधारण १० किलो होईल. २० लिटर पाणी, १ किलो ४०० ग्रॅम टाकणखार, ६०० ग्रॅम बोरिक ॲसिड. पाणी हाताला सोसवेल त्याहून थोडं गरम घ्या, बोरिक ॲसिड गार पाण्यात विरघळायला फार वेळ घेतं. फिल्टरचं पाणी घ्या, जड पाण्यात पांढरा साका बसतो. रबरी हातमोजे घाला, पूड उडू देऊ नका. हे काम मोठ्यांनी करावं, मुलींनी किंवा गरोदर बाईने नाही. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, टाकणखार साखरेसारखा दिसतो.

कापड १० मिनिटं बुडवा आणि हलकं पिळा. इथेच बहुतेकांचं चुकतं. वाळल्यावर कापडात वजनाच्या सुमारे १० टक्के क्षार उरायला हवा. त्यासाठी पिळलेल्या ओल्या कापडाचं वजन कोरड्याच्या जवळजवळ दुप्पट हवं. काटा ठेवून एक तुकडा मोजा. टॉवेल पिळतो तसं घट्ट पिळलं तर क्षार ५-६ टक्क्यांवर येतो आणि सगळी मेहनत वाया. सावलीत वाळवा, इस्त्री मंद.

खळीच्या थरांसाठी खळ दुप्पट घट्ट शिजवा, क्षारही निम्म्या पाण्यात विरघळवा, मग दोन्ही एकत्र करा. वेगवेगळं बुडवलंत तर दुसऱ्या बुडवणीत पहिलं धुऊन जातं. बाजारातली पीव्हीए (एक कृत्रिम डिंक) असलेली तयार खळ यात कधीच घालू नका, टाकणखाराबरोबर तिचा चिकट गोळा होतो.

चाचणी: ३ सेंमी रुंद, २५ सेंमी लांब पट्टी उघड्या अंगणात चिमट्यात उभी धरा, खालून १० सेकंद ज्योत लावा, काढा. ज्योत लगेच विझली पाहिजे आणि काळेपणा वर चढत जाता कामा नये. चढला तर पुन्हा बुडवा. धुतलं की हा क्षार निघून जातो, म्हणून पुढच्या वर्षी सगळं पहिल्यापासून. आणि हे फक्त सुतावर चालतं. नायलॉनची जाळी वितळून कातडीला चिकटते, तिला या द्रावणाचा उपयोग नाही.

रंगपट_सोलापूर

विंगेतून, एक विचारायचं राहिलं. सुरुवातीला दीपप्रज्वलन आहे. समई रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात कार्यक्रमभर तेवत ठेवायची पद्धत आहे. आणि पहिल्या प्रवेशात मुलींच्या हातात पणत्या द्याव्यात असं एकीने सुचवलंय.

विंगेतून

पणत्या नकोत, बॅटरीच्या द्या. समई पाहुण्यांच्या भाषणानंतर सभागृहाबाहेर, प्रवेशद्वाराशी हलवा, तिथे ती कार्यक्रम संपेपर्यंत तेवत राहू दे. ती उचलणाऱ्या माणसाचं नाव कार्यक्रमपत्रिकेच्या आतल्या प्रतीवर लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा उचलेल. कापूर, धूप, फुलबाजीचा कोल्ड फायर, काहीही त्या दहा मिनिटांत आणि आधीच्या प्रवेशात नको. दोन्ही विंगांत ओली सोलापुरी चादर घडी करून बादलीत ठेवा. जाड सुती असते, पाणी धरून ठेवते. पेटलंच तर मुलीला पळू द्यायचं नाही, आडवं पाडून चादर मानेकडून पायाकडे टाकायची. तालमीत एकदा हे करून घ्या.

काजबटण

पंख लावणार असाल तर त्यांनाही तेच द्रावण. बारीक तारेवर मलमल, हातभर नको, वीतभरच, खांद्याच्या हाडांमध्ये. चोळीला शिवू नका, दोन हुकांवर अडकवा. ओळीत मागच्या मुलीचा हात अडकला तर पंख निघून हातात यावा, चोळी फाटू नये.

रंगपट_सोलापूर

समई बाहेर, नाव लिहिलं. उद्या मलमलीचा एक ताका आणून एकाच मुलीचा पूर्ण पोशाख आधी करतो आणि ओल्या कापडाचं वजन इथे टाकतो.